सात काळे कोट आणि आत्याचा आवाज

आत्याच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात वकिलांचे सात काळे कोट टांगलेले आहेत, अशी वदंता आहे. तिने ज्या सात जणांची सनद काढून घेतली, त्यांचे म्हणे. कोर्टासमोरचा झेरॉक्सवाला तर शपथेवर सांगतो, "सात! आठव्यासाठी हँगर तयार ठेवलाय बाईंनी." सांगताना तो आवाज असा खाली आणतो की त्याचं मशीनसुद्धा कान टवकारतं. हा आवाज मला हुबेहूब जमतो.

खरं सांगायचं तर त्या कपाटात काळी वस्तू एकच आहे, आत्याचा स्वेटर. तिची खुर्ची बरोबर पंख्याखाली येते, आणि पंखा बंद केला की सचिवसाहेबांना उकडतं. राहता राहिली सनद. ती ठेवायची की काढून घ्यायची, हे वकील परिषदेची तीन जणांची शिस्त समिती ठरवते. आत्या त्या समितीची साधी कारकून. वकिलाविरुद्ध कुणी तक्रार आणली की ती घ्यायची, वाचून दाखवायची, शिक्का मारायचा आणि सुनावणीच्या दिवशी समितीपुढे पुन्हा वाचायची. संपलं काम.

पण ते 'वाचून दाखवायची' आहे ना, सगळी मेख तिथेच आहे.

नियम जुनाच आहे. तक्रार नोंदवण्याआधी ती तक्रारदाराला मोठ्याने वाचून दाखवावी. आत्याच्या आधीच्या कारकुनांनी तो झिजवून झिजवून "सही तुमचीच ना? मग झालं!" एवढाच ठेवला होता. आत्या मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचते. ना चढ, ना उतार. कुणाचं घर गेलेलं असो की कुणाचं पोर, आवाज तोच. मुख्याध्यापकांच्या खाकरण्यापासून गच्चीवरच्या टाकीच्या गुरगुरण्यापर्यंत घरात सगळ्यांच्या नकला होतात. आत्याची मात्र आजवर मला जमलेली नाही. धरायला काही सापडतच नाही.

"अगं, जरा जीव ओतून वाचत जा की," असं एकदा म्हटलं, तर म्हणाली, "मी रडव्या आवाजात वाचलं तर माणूस चार गोष्टी वाढवेल. दरडावून वाचलं तर भिऊन दोन खोडेल. त्याचं त्याला जसंच्या तसं ऐकू गेलं पाहिजे. खरं काय ते मग तोच सांगतो."

तर एका सकाळी तिच्या टेबलासमोर शिंपीकाका येऊन बसले. मागच्या गल्लीत एका खोलीत बावीस वर्षं मशीन चालवणारा माणूस. घरमालकाने खोलीला कुलूप ठोकलं, मशीन आतच राहिलं, म्हणून त्यांनी दावा लावला होता. वकील दिला तो 'मी-आहे-ना'.

या वकिलांना सगळं कोर्ट याच नावाने ओळखतं. खांद्यावर हात ठेवायचा, मान किंचित तिरपी करायची आणि 'ना' लांबवायचा: "काळजी कशाला? मी आहे नाऽऽ!" ऐकणाऱ्याचं अर्धं दुखणं तिथेच बरं. शिंपीकाकांना त्यांनी चौदा महिने हे औषध पाजलं. "पुढची तारीख पडलीय, मी आहे ना." "साहेब रजेवर आहेत, मी आहे ना." प्रत्यक्षात दुसऱ्याच तारखेला पुकारा झाला, तेव्हा कुणी उभंच राहिलं नव्हतं आणि दावा निकालात निघाला होता. शिंपीकाकांना ते कळलं तेव्हा घरमालक खोली दुसऱ्याला द्यायच्या बेतात होता. दावा पुन्हा उभा करायचा, तर चूक आपली नव्हती, वकिलाची होती, हे त्यांना दाखवावं लागणार होतं. तक्रार टिकली तर खोली, नाहीतर मशीनसकट सगळं गेलं.

आता आत्याच्या बाजूने पाहा. उमेदीची आठ वर्षं तिने याच वकिलांच्या ऑफिसात टायपिंग केलेलं. फाइल बांधायला त्यांनीच शिकवलं. आतोबा गेले त्या दिवशी दारात पहिला माणूस आला तो हाच. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, मी आहे ना. तेव्हा ते खरंच होते. परिषदेतल्या नोकरीचा अर्जही त्यांनीच तिला भरायला लावला.

शिंपीकाकांनी कागद पुढे केला. आत्याने वर वकिलांचं नाव वाचलं. शिंपीकाका सांगतात, "बाईंनी तांब्यातलं पाणी ओतलं, सगळा पेला प्यायल्या, आणि वाचायला लागल्या. मला वाटलं, तहान लागली असेल."

तक्रार लिहिली होती कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याने. त्याची लेखणी लग्नातल्या बँडसारखी, एकदा सुटली की थांबत नाही. "सबब, उपरोक्त वकिलाने घरमालकाशी संगनमत करून, हेतुपुरस्सर, कटकारस्थान रचून..." आत्या तशीच सपाट वाचत गेली. शिंपीकाकांची मान आधी हलली, मग थांबली.

"थांबा ताई. हे कोण म्हणतंय?"

"तुम्ही. खाली सही आहे."

"सही माझीच. पण अंगरखा माझ्या मापाचा नाही हो! घरमालकाशी त्यांचं काही नव्हतं. ते तारखेला आले नाहीत, आणि मला खोटं सांगत राहिले. एवढंच."

"मग हे ठेवायचं का?"

"काय करू? तुम्हीच सांगा."

"मी सांगायचं नाही. मी वाचायचं."

आता इथे जरा थांबू या. ती कटकारस्थानाची ओळ तशीच राहिली असती, तर पहिल्याच सुनावणीत वकिलांनी विचारलं असतं, पुरावा कुठाय? पुरावा नव्हताच. एक गोष्ट खोटी निघाली की उरलेलीवर कोण विश्वास ठेवतो? तक्रार फेटाळली गेली असती आणि 'मी-आहे-ना' सहीसलामत सुटले असते. त्यासाठी आत्याला काही म्हणजे काही करावं लागणार नव्हतं. फक्त बाकीचे करायचे तेच करायचं होतं: सही तुमचीच ना? मग झालं. कुणाला पत्ताही लागला नसता.

तिने कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं.

शिंपीकाकांनी कापड बेततात तसा विचार करून अर्धं पान लिहिलं. तिने ते वाचून दाखवलं. त्यांनी दोन शब्द खोडले. तिने परत पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्या वाचनाला ते म्हणाले, "हां. आता बसलं." मग शिक्का. त्याच दुपारी तिने सचिवांना चिठ्ठी दिली: हे वकील माझे जुने मालक आहेत, सुनावणीत वाचायला दुसरं कुणी नेमावं. सचिवांनी वकिलांना विचारून घेतलं, तुमची काही हरकत? उत्तर एका ओळीत आलं. 'तिनेच वाचावं.'

हे सगळं घरात आत्याने सांगितलं नाही, हे वेगळं सांगायला नको. तिच्या तोंडून ऑफिसातलं काही काढणं म्हणजे भिंतीकडून उत्तर मागणं. शिंपीकाकांनीच सांगितलं, आमच्या पडद्यांचं माप घ्यायला आले तेव्हा. सुनावणी खुली असते हेही त्यांच्याकडूनच कळलं. तेव्हा मी आत्याशी पैज मारली. त्या अर्ध्या पानात 'मी आहे ना' चार वेळा आहे. चारांपैकी एकदा तरी तुझा आवाज हलणारच. 'ना' लांबेल, नाहीतर कापेल. माझा कान आहे, मला कळेल.

"आणि हरलीस तर?" आत्या म्हणाली.

"सांगशील ते."

"महिनाभर रोज सकाळी मला पेपरचा एक कॉलम वाचून दाखवायचा. नकला न करता."

हात्तिच्या, म्हटलं, एवढंच?

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, तीन सभासद, बाजूला दोन बाक आणि भिंतीवर पाच मिनिटं मागे असलेलं घड्याळ. एका बाकावर शिंपीकाका, गळ्यात सवयीने माप घ्यायची टेप. दुसऱ्यावर 'मी-आहे-ना', कोट घालून, चष्म्याचं घर हातात. ते इतके म्हातारे कधी झाले कुणास ठाऊक. आत्या उभी राहिली.

"मी दुसऱ्या तारखेबद्दल विचारले. ते म्हणाले, मी आहे ना."

सपाट.

दुसऱ्यांदा. सपाट. रेल्वेच्या वेळापत्रकातसुद्धा याहून जास्त भावना असते. तिसऱ्यांदा वकिलांचे ओठ तिच्याबरोबर नुसतेच हलले. चौथ्यांदा, "दावा गेल्याचे कळले त्या दिवशीही ते म्हणाले, मी आहे ना." तेच वजन, तेवढंच अंतर. तिने त्या तीन शब्दांत काही घातलं नाही, म्हणून त्यांतलं सगळं जसंच्या तसं ऐकू आलं: ते किती गोड होते आणि किती खोटे. मी आयुष्यभर आवाजात रंग भरत आलेय, आणि ही बाई रंग काढून घेऊन असं करते!

अध्यक्षांनी विचारलं, "आपलं म्हणणं?"

वकील उभे राहिले. "वाचलं ते खरं आहे. तारीख मी विसरलो. हल्ली विसरतो. आणि मग सांगायची लाज वाटली." आवाज कापला तो त्यांचा.

समितीने सहा महिन्यांसाठी सनद स्थगित केली. त्या आदेशाची प्रत जोडून शिंपीकाकांचा दावा कोर्टात पुन्हा उभा राहिला, आणि निकाल लागेपर्यंत खोलीचं कुलूप काढायचा हुकूम झाला. आता गल्लीतून जाताना मशीनची खडखड ऐकू येते. हे पुढे. त्या दिवशी वकील बाहेर पडले आणि चष्म्याचं घर बाकावरच राहिलं. आत्या ते घेऊन जिन्यापर्यंत धावली.

"काका! चष्मा..."

आणि तिथे आवाज हलला. चांगला हलला. 'चष्मा'वर तर पार फुटला.

वकिलांनी चष्म्याचं घर हातात घेतलं. "एकही शब्द खाल्ला नाहीस," ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत."

ते जिना उतरून गेले. आत्याने पदराने डोळे टिपले, आणि तेवढ्यात मी मागून ओरडलेच, "हलला! आत्या, हलला! पैज जिंकले!"

ती वळली. नाक लाल, पण आवाज पुन्हा इस्त्री केलेला.

"पैज वाचण्याची होती."

आज अकरावा दिवस. कॉलम पाणीपट्टीवर आहे. मी चौथ्या ओळीत पोचले, तिथे नगराध्यक्षांचं वाक्य आलं, आणि माझा गळा आपोआप थोडासा, अगदी थोडासा फुगला. आत्याने चहाचा कप खाली ठेवला.

"पुन्हा. पहिल्या ओळीपासून."