गोलपुढचा बर्फ

ओरेस्ट पालिचुक कॅनडातल्या सडबरी गावी धातूभट्टीवर वेल्डर. वीस-बावीस वर्षं तो सिमेंटच्या मैदानावर चेंडूची हॉकी खेळला, गोल राखत. पायात साधे बूट, समोर नारिंगी चेंडू. मग कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलांकडे राहायला गेलं, संघ मोडला. घरी बोलायला कुणी नव्हतं. बायको जाऊन तिसरा हिवाळा चालू होता. आता गावात उरली होती ती बर्फावरची हॉकी. सेहेचाळिसाव्या वर्षी ओरेस्टनं स्केट्स बांधले.

शिकवणारं कुणी नव्हतं. पाळी सुटली की दुपारी तो बर्फाच्या सार्वजनिक रिंकवर जाई आणि एका कोपऱ्यात सरकायचा सराव करी. सिमेंटवर बाजूला जायचं तर पाय उचलून टाकायचा. बर्फावर पाय उचलला की माणूस गेला. इथं स्केटची आतली धार रुतवून ढकलायचं. हे डोक्याला लगेच कळलं. पायांना अख्खा हिवाळा लागला.

लॉर्नच्या संघाला गोलकीपर हवा होता. इच्छुक दोघं. दुसऱ्याला मागच्या रविवारी खेळवून झालं होतं.

"आज तू," कप्तान लॉर्न म्हणाला. "मोसमभर कोण, ते आज ठरवून टाकू."

नुकतंच गुळगुळीत करणारं यंत्र फिरलेला बर्फ काचेसारखा चकचकीत होता. ओरेस्टनं त्यावर ओरखडाही काढला नाही. इथं चेंडूऐवजी रबरी चकती, त्यातली पहिली डावीकडून आली. त्यानं धार रुतवली. ती रुतलीच नाही. घाबरलेला पाय जुन्या सवयीनं उचलला गेला. ओरेस्ट पाठीवर, चकती जाळीत.

"अरे, जिना चढतोयस काय!" बाकावरून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. त्या डावात आणखी तीन गोल गेले.

डाव संपला की बाजू बदलतात. मध्ये यंत्र फिरवत नाहीत. समोरच्या संघाचा गोल जिनेट नावाची बसचालक बाई राखत होती. तिच्या जागी ओरेस्ट उभा राहिला, तर तिथला बर्फ पांढरा, खरबरीत, सगळा ओरबाडलेला. धार रुतली. त्यानं पुन्हा ढकलून पाहिलं. रुतली.

पलीकडून जिनेटचा आवाज आला. "अहो दादा! इथं कुणी उभं होतं की नाही? नुसता आरसा ठेवलाय! आधी खरवडून घ्यायचं असतं. कुणी सांगितलं नाही?"

"नाही!"

"सांगणार कोण म्हणा. गोलकीपरशी बोलतंय कोण!" म्हणत ती त्याचा बर्फ खरवडू लागली.

उरलेल्या खेळात एकच गोल गेला. पाय एकदाही उचलला गेला नाही. पण सामना गेला होता.

कपडे बदलताना लॉर्न जवळ आला. "शेवटी मस्त उभा राहिलास रे. पण पहिला डाव… पोरांनी त्या दुसऱ्यालाच धरलंय."

बर्फाचं कारण ओरेस्टच्या तोंडाशी आलं होतं. पण खरवडायचं काम त्याचंच होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

बाकीचे हसत-खिदळत न्याहारीला गेले. भिजून जड झालेली पॅडं त्यानं दोन खेपांत गाडीत नेली.

सोमवारी पाळी सुटल्यावर तो पुन्हा सार्वजनिक रिंकच्या कोपऱ्यात आला. गोल नव्हताच, रिंकच्या कडेच्या फळीपुढे गोलकीपरला जेवढी जागा लागेल तेवढा बर्फ तो खरवडू लागला.

"काका, बास की," राखणदार ओरडला. "पोरं अडखळतील."

"कडेलाच करतोय."

त्यानं काम पुरं केलं. फळीकडे पाठ केली, गुडघे वाकवले, काठी टेकवली. पोरं पलीकडे गोल गोल फिरत होती. त्याच्या दिशेनं काही येत नव्हतं.