फाटकापाशी उकळलेली मोटार

देव आहे की नाही, या वादात मी कधी पडलो नाही. पण स्वतः हातपाय न हलवता देवाला कामाला लावणाऱ्या माणसांचा मला राग येई. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुण्याला राहून बी.एस्सी. झालो, आणि कचेरीत कारकुनी करायची सोडून एक जुनी मोटार घेतली, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर उतारूंची ने-आण सुरू केली. गावातले लोक म्हणत, "एवढं शिकून शेवटी भोंगाच वाजवला की." मी म्हणे, वाजवतो, पण माझा वाजवतो. त्या मोटारीचा खिळा न् खिळा मी स्वतः सोडून पुन्हा बसवला होता. त्याचा मला अभिमान होता आणि आजही आहे.

त्या वर्षी ऐन दसऱ्याला माझ्या धाकट्या बहिणीला, शांताला, कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. सुईणीने दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग आईला, आमच्या अव्वाला, बाजूला घेऊन म्हणाली, "मूल आडवं हाय, अव्वा. माझ्या हातात न्हाय आता. सोलापूरला न्या, बसू नगा." मागच्या सीटवर शांता, तिचं डोकं अव्वाच्या मांडीवर, माझ्या शेजारी वडील, आप्पा, असे आम्ही निघालो. रस्त्याने मोटार वाऱ्यासारखी धावली. पण शहराच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं, आणि सणाला शहरात निघालेल्या बैलगाड्यांची ही मोठी रांग पुढे लागलेली. मी इंजिन चालूच ठेवून थांबलो. थोड्याच वेळात रेडिएटरच्या झाकणातून वाफ फुसफुसू लागली.

लोक जमले. एकजण म्हणाला, "हिरीचं गार पानी वता की वरनं." मी नको म्हटलं, इतक्या तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते तडकतं. दुसरा हसून म्हणाला, "आमचं बैल बरं, मोटारवाले. उकळत तरी न्हाईत." फाटक उघडलं असतं तरी सुटका नव्हती, कारण पुढे शहरापर्यंत बैलांच्याच चालीने जायचं होतं. मागून शांताचा आवाज आला, "अण्णा, लई लांब हाय का रे अजून?" मी खाली उतरून बॉनेट उघडलं.

घाबरलो होतो, पण डोकं चालत होतं. पाणी सकाळी मीच भरलं होतं, गळती कुठे दिसत नव्हती. धावताना गाडी गार राहते, म्हणजे रेडिएटर आतून तुंबलेला नाही. मग धावताना आहे आणि उभ्याने नाही असं काय? वारा. उभ्या गाडीला वारा पंख्याचाच. मी पंख्याकडे पाहिलं, तर इंजिन घरघरतंय आणि पंखा आळसावल्यासारखा जेमतेम हलतोय. त्याला फिरवणारा चामडी पट्टा कप्पीवरून नुसता घसरत होता. इंजिन बंद केलं, पट्ट्याला बोट लावलं. बोट तेलाने माखून निघालं.

"काल मीच पाजलंय की तेल," आप्पा म्हणाले. "खंडेनवमी न्हाय का? मोटेला लावलं, बैलांच्या जुपण्यास्नी लावलं, मग ह्यानं काय घोडं मारलंय? चामडंच हाय की ते बी."

त्यांनी मोटारीला घरातलं अवजार मानून पूजलं होतं. पट्टा काढून मी धोतराच्या सोग्याने पुसपुसून पाहिला. चामड्यात मुरलेलं तेल पुन्हा वर येई. ताणायला पट्ट्याला जागा उरली नव्हती, दुसरा पट्टा जवळ नव्हता. काय बिघडलंय ते मला पक्कं कळलं होतं, आणि तरी मी रिकाम्या हाताने उभा होतो. असा प्रसंग माझ्यावर तोवर आला नव्हता. तेव्हा, खरं सांगतो, मी मनात सोलापूरच्या सिद्धेश्वराचं, सिद्धरामाचं नाव घेतलं. काही मागितलं नाही. मागायचं काय तेही सुचत नव्हतं.

शेजारच्या बैलगाडीतून एक म्हातारी उतरली. कपाळावर विभूतीचे ठसठशीत आडवे पट्टे. शांताचं कण्हणं ऐकून आली असावी. कमरेच्या पिशवीतून विभूतीचा खडा काढून तिने शांताच्या कपाळावर ओढला आणि म्हणाली, "भिऊ नगंस लेकी, सिद्धराम हाय." मग तो खडा माझ्या हातावर ठेवला. "तू बी लाव. आन् तुझ्या गाडीला बी लाव."

तिचा मान राखायला म्हणून मी चिमूट काढली आणि कपाळाला लावली. हात खाली घेतला तर बोटं कोरडी. तेल विभूतीने पिऊन टाकलं होतं. मी तिथेच धुळीत बसलो, खडा चुरून पट्ट्याला चोळला, पुसला, पुन्हा चोळला. खडा संपेपर्यंत चोळत राहिलो. पट्टा चढवला आणि हँडल मारलं. गरम इंजिन एरवी फार छळतं. त्या दिवशी लगेच पेटलं, आणि पंखा असा भिरभिरला की बघ्यांनी तोंडं मागे घेतली. वाफ ओसरल्यावर आप्पांनी थोडं थोडं पाणी भरलं. एव्हाना फाटक उघडत होतं. म्हातारीने आपल्या गाडीवानाला हाक मारली, "आरं, बाजूला घे, अडलेली लेक जाऊ दे म्होरं," आणि पुढचे गाडीवानही एकेक करून बैल कडेला घेऊ लागले. तिचं गाव विचारायचं राहूनच गेलं.

राख तेल शोषते, हे मी शिकलेलो होतो. ते शिक्षण खोटं ठरलं असं मी म्हणणार नाही; ते नसतं तर त्या खड्याचं काय करायचं हे मला कळलंच नसतं. पण तो खडा मी आणला नव्हता. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मला वाटे. आता वाटतं, हात कामात असतानाच जे आपल्या हातचं नाही त्याला वाट मोकळी ठेवायची, एवढंच ते असावं.

दिवे लागायच्या सुमाराला शांता मोकळी झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. आप्पांनी दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या परक्या माणसांनाही सांगून टाकलं, "ह्यो माझा लेक. मोटार ह्यानंच नीट केली." नर्सबाई बाळ घेऊन बाहेर आल्या, माझे काळे हात पाहून थबकल्या आणि आधी ते धुऊन यायला सांगितलं. मी नळापाशी गेलो. हातांवर तेलात कालवलेली विभूती अजून होती. तेच हात जोडून सिद्धेश्वराला नमस्कार केला, आणि मगच पाणी सोडलं.