राहुकाळातलं लग्न

पत्रिका तमिळमध्ये होती, म्हणून मरियमबीने ती दोन दिवस फ्रिजला चुंबकाखाली नुसतीच लावून ठेवली. देताना शाळेतले तेन्नरसू सर म्हणाले होते, "अम्मा, घरी फहदला वाचायला सांगा." फहद तिचा मुलगा. गुरुवारी तो बँकेतून लवकर आला, पाणी प्यायला फ्रिजपाशी गेला आणि बाटली हातात धरून तसाच उभा राहिला. पत्रिकेच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरं होती.

"अम्मी, व्हॉट इज धिस? यात तुझं नाव छापलंय."

"पाहुण्यांत असेल."

"पाहुण्यांत नाही गं! लग्न लावणार म्हणून. मरियमबी दाऊद परकार यांच्या अध्यक्षतेखाली. यू आर दि प्रीस्ट, अम्मी!"

मरियमबी भाकऱ्या थापत होती. तिचे हात पिठातच राहिले आणि तव्यावरची भाकरी करपून काळी झाली, तरी तिला वास आला नाही. "तौबा, तौबा," एवढंच ती म्हणाली.

मरियमबी मूळची दाभोळच्या खाडीकाठची. नवऱ्यामागून अबुधाबीला आली. दाऊद रुवैसच्या तेल कारखान्यात एका कंत्राटदाराकडे होता. सत्त्याऐंशी साली तो कामावर उंचावरून पडून गेला, तेव्हा फहद सात वर्षांचा होता. गावी परतून दिरांच्या ताटाखालचं मांजर होऊन जगण्यापेक्षा तिने इथल्या एका भारतीय शाळेत आयाची नोकरी धरली. पुढच्याच वर्षी तिथे विज्ञान शिकवायला तेन्नरसू सर आले, आणि तिला आश्चर्याचा पहिला धक्का बसला. ती चहाचा ट्रे घेऊन स्टाफरूममध्ये शिरली की एरवी कोणी मान वर करत नसे. हे उठून उभे राहत.

"बसा हो सर, सगळे हसतायत," ती कानकोंडी होई.

"हसू दे. त्यांची तब्येत चांगला होईल."

हे ते मराठीत म्हणत. पासष्ट साली कॉलेजात असताना हिंदीविरुद्धच्या मोर्चात त्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. तो माणूस अबुधाबीत येऊन हिंदी काय बोलणार? त्यांनी मरियमबीला सरळ सांगितलं, "हिंदी नको. तुमचा भाषा शिकवा." तिने शिकवली. चुकांसकट त्यांनी ती पंधरा वर्षं वापरली.

गणिताच्या अर्चना मॅडमना त्यांच्या नावाचं फार कोडं. "सर, तेन्नरसू, पण पुढे काय? आडनाव?"

"पुढे काही नाही. आधी वडिलांचं एक अक्षर आहे. आजोबांनी जातीचं शेपूट कापलं, परत उगवलं नाही."

त्यांच्या घरात देवाचा फोटो नाही, दिवा नाही, हे कळलं तेव्हा मरियमबी रात्रभर अस्वस्थ होती. अल्लाला नाही, भगवानाला नाही, कोणालाच न मानणारा माणूस तिने पाहिला नव्हता. असा माणूस खोटं का बोलत नाही, नापास पोरांना सुट्टीच्या दिवशी फुकट का शिकवतो, हे तिला उमजेना. त्यांची मुलगी कयल तेव्हा दुसरीत होती. शाळा सुटल्यावर वडिलांचं काम संपेपर्यंत ती मरियमबीच्या खोलीत थांबे, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपे. त्या कयलचं हे लग्न.

शनिवारी शाळा उघडताच मरियमबी प्रयोगशाळेत गेली.

"सर, ती पत्रिका परत छापा."

"का, अम्मा? नाव चुकला?"

"मी रांडाव बाई आहे, सर. माझ्या सख्ख्या भाचीच्या निकाहला मी मुंब्र्यात भटारखान्याजवळ उभी होते. हळदीला हात लावला नाही. आमच्या मशिदीतले मौलवी सांगतात की दीनात असलं काही नाही. पण आमच्याकडच्या बायका पाळतात. मीही पाळते. पोरीच्या नशिबाला माझा हात नको."

सर परीक्षानळ्या पुसत होते. पुसायचे थांबले नाहीत. "आमच्या लग्नात भटजी नसतो. सगळ्यांच्या समोर एक मोठा माणूस उभा राहतो, दोघांना वचन देतो... नाही, घेतो. आणि दोन शब्द सांगतो. माणसाला माणसानेच मोठं मानायचं, हे आमच्या भाषेत फार जुना आहे. मला ते असण्याचा अभिमान आहे, तमिळ असण्याचा. मग वागून दाखवायला नको?"

"मग दुसरं कोणी बघा. प्रिन्सिपल साहेब आहेत."

"नाव मी नाही दिलं. कयलने दिलं."

ती खाली बसली. प्रयोगशाळेच्या उंच स्टुलावर पंधरा वर्षांत ती पहिल्यांदाच बसली असेल.

"आणि वेळ?" तिने हळूच विचारलं. "अकरा वाजता लिहिलंय. तुमच्या लोकांत ती वेळ वाईट म्हणतात ना?"

"शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. मुद्दाम ठेवला. माझं लग्न पण राहुकाळात. बत्तीस वर्षं झाली, बायको अजून भांडते. म्हणजे ठीक आहे."

तिला हसू आलं नाही. आठवडाभर ती जेवली नाही धड. फहद म्हणे, "जस्ट से नो, अम्मी. खलास." पण नाव छापलं होतं, आणि ते पोरीने दिलं होतं.

शुक्रवारी ती हॉलवर गेली, ती मागच्या दाराने. बाह्या सरसावून सरबताचे पेले भरायला लागली. वाटलं, विसरतील. व्यासपीठावर दोन खुर्च्या, टेबलावर दोन हार, बाकी काही नाही. ना अग्नी, ना मंत्र. सव्वाअकरा झाले. मग साडेअकरा. लोक घड्याळं बघायला लागले, कारण मुसलमान पाहुण्यांना पुढे जुम्म्याची नमाज होती. माईकवर कोणीतरी तिचं नाव दोनदा पुकारलं. ती पेले भरत राहिली.

नवरामुलगा सरवणन रुवैसला इंजिनियर. त्याची आई मात्र देवभोळी, कपाळभर कुंकू. पत्रिकेत नाव असलेली बाई विधवा आहे, हे तिला त्या घटकेला कोणीतरी सांगितलं. तेन्नरसूंशी तिचं तमिळमध्ये कडाक्याचं वाजलं. "आम्हीही तमिळच आहोत," असं ती म्हणाल्याचं फहदने नंतर कोणाकडून तरी ऐकलं. सर फक्त मान हलवत होते: नाव बदलणार नाही.

मग ती बाई सरळ सरबतापाशी आली. तिने मरियमबीचा हात धरला. रागात नव्हती ती, रडकुंडीला आली होती. मोडक्या हिंदीत म्हणाली, "बहन, तुम खुद मना करो. तुम्हारे नसीब में जो हुआ, वो इन बच्चों के साथ नहीं होना."

मरियमबी 'हो' म्हणणारच होती. तोंड उघडलंही होतं. हेच तर ती सोळा वर्षं स्वतःला सांगत आली होती: नशीब. आणि तिथे, हातात चिकट पेला धरून, तिला एकाएकी दोर आठवला. दाऊदच्या सोबत्याने तिला त्याचा तुकडा दाखवला होता, झिजून काथ्यासारखा झालेला. "आठ दिवस सांगत होतो भाभी, बदला म्हणून," तो म्हणाला होता. मुकादमाने बदलला नाही. एवढंच झालं होतं. तिच्या हाताचा, तिच्या पायगुणाचा त्यात काय संबंध होता?

या विचाराने ती इतकी हादरली की पेला खाली पडून फुटला.

"नसीब नहीं था," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "रस्सी थी."

आणि ओल्या बाह्यांनीच ती व्यासपीठावर चढली.

हार तिने उचलून दोघांच्या हातात दिले. देताना कयलच्या हारातली चार फुलं गळून पडली. वचन सर तमिळमध्ये वाचत होते, ती नुसती मान डोलवत होती. मग सरांनी माईक तिच्यापुढे धरला. मरियमबीला भाषण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ती सरवणनकडे बघून आपल्या भाषेत बोलली.

"बाबा, तू रुवैसला काम करतोस. तुझ्या हाताखाली माणसं उंचावर चढतात. रोज सकाळी दोर तू स्वतः बघायचा. हाताने ओढून बघायचा. कोणी म्हणालं बदला, तर त्याच दिवशी बदलायचा. माझा नवरा दोराने गेला. तो दोर कोणी बघितला नाही. माझ्या पोरीला सुखात ठेव, ते सगळेच सांगतात. मी हे सांगते."

कयलने ते तमिळमध्ये करून सांगितलं. अर्ध्यावर तिचा आवाज फाटला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. फहद मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. बापाच्या दोराबद्दल तो पहिल्यांदा ऐकत होता.

सरवणनने वाकून तिच्या पायांना हात लावला. राहुकाळ संपायला अजून पाच मिनिटं होती.

जेवायला केळीची पानं मांडली. मरियमबी उठून वाढायला निघाली, तर सरांनी तिला हाताला धरून पहिल्या पानावर बसवलं. शेजारचं पान रिकामं होतं. थोड्या वेळाने सरवणनची आई तिथे येऊन बसली. भाताला तिने हात लावला नाही. मरियमबीकडे वळून विचारलं, "रस्सी... कितने दिन से खराब था?"

"आठ दिन," मरियमबी म्हणाली, आणि समोर येऊन उभ्या राहिलेल्या फहदला तिने खाली बसायची खूण केली.