पक्ष्याच्या पायातली रेघ

इतुलू चाळिशीचा आणि कौनाक सत्तरीची, पण ती त्याला 'बाबा' म्हणायची आणि तो तिला 'पोरी'. यात हसण्यासारखं काही नाही. तिचे वडील गेले त्याच हिवाळ्यात तो जन्मला, आमच्या रीतीप्रमाणे त्यांचं नाव त्याला मिळालं आणि नावाच्या पाठोपाठ नातंही आलं. तान्हा असताना तो भोकाड पसरायचा, तेव्हा ही तीस वर्षांची बाई "बाबा, आता पुरे करा" म्हणत त्याला पाठुंगळी घेऊन फिरायची.

कौनाक पुढे मोठी चित्रकार झाली. तिची घुबडं राजधानी ओटावाच्या चित्रसंग्रहालयांच्या भिंतींवर जाऊन बसली, गव्हर्नर-जनरलसाहेबांनी तिला पदक दिलं. ते तिने पिठाच्या डब्यात ठेवलं, कारण घरात हरवत नाही अशी तेवढी एकच जागा होती. इतुलूचं नाव मात्र आमच्या बर्फाळ बेटाबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. ठशांच्या कारखान्यात बसून तिचं कागदावरचं चित्र दगडात कोरायचं, त्यावरून पन्नास ठसे काढायचे आणि मग तोच दगड घासून कोरा करायचा, म्हणजे एक्कावन्नावा ठसा कुणी काढू नये. आपलं काम आपल्याच हाताने पुसायचं, असली ही नोकरी. तो कुरकुर करत नसे. त्याचा नियम एकच होता: कागदावर जे आहे ते कोरायचं, आपलं शहाणपण घालायचं नाही.

त्या वर्षी शरद ऋतूत कौनाकने एक बदक पाठवलं. बदक झकास होतं. पण त्याच्या पायातून एक बारीक रेघ निघून, थोडी वाकडी होत, थेट कागदाच्या काठापर्यंत गेली होती. इतुलू चक्रावला. ही दोरी म्हणावी, तर बदकाला बांधतं कोण? हात घसरला म्हणावा, तर कौनाकचा हात आजवर कधी घसरला नव्हता.

सरळ जाऊन विचारायचं, असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडे मोठ्या माणसाला 'हे का' म्हणून विचारत नाहीत. बघायचं, थांबायचं, कळायचं तेव्हा कळतं. प्रश्न विचारतात ती लहान मुलं आणि दक्षिणेकडून आलेली माणसं. इतुलू तीनदा तिच्या घरी गेला, चहा प्यायला, सीलचं मांस खाल्लं, वाऱ्याबद्दल बोलला आणि परत आला. चौथ्या वेळी ती म्हणाली, "बाबा, हल्ली लेकीची फार आठवण येते वाटतं." तो कानापर्यंत लाल झाला.

शेवटी त्याने ती रेघ कोरायला घेतली. ठशात जे उमटायला हवं ते दगडावर उभं ठेवतात आणि भोवतालचा सगळा दगड खोदून काढतात. केसाएवढी रेघ उभी ठेवायची म्हणजे जीव मुठीत धरून काम. अख्खं बदक चार दिवसांत झालं, त्या एका रेघेला अकरा दिवस लागले. छिन्नी चालवताना मनात एकच टोचणी होती. आपण तिचं चित्र राखतोय की नासवतोय?

पन्नासावा ठसा वाळत होता त्याच दिवशी ओटावाहून एक बाई कारखान्यात आल्या. देशातल्या नामवंतांच्या चरित्रांचं जाडजूड पुस्तक निघणार होतं, त्यात कौनाकवर दोन पानं होती. आमचे ठसे विकणाऱ्या सोसायटीच्या ऑफिसातली लिटिया कौनाकला तिथे घेऊन आली आणि दुभाषी म्हणून बसली. बाईंनी कौनाकच्या जन्मापासून जेवणापर्यंत सगळं विचारलं. कौनाक सोशिकपणे उत्तरं देत होती. मग बाईंनी दगडाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "आणि ही रेघ कसली?"

लिटियाने नाइलाजाने प्रश्न आमच्या भाषेत सांगितला. इतुलू हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला. गेले तीन महिने तो या एका उत्तरासाठी झुरत होता.

कौनाक उठली. तिने दगडावर हात ठेवला, बदकाच्या पाठीवरून बोट खाली आणलं, पाय सापडला, मग ती उभी रेघ. बोट काठापर्यंत जाऊन थांबलं.

"अगं बाई, ही कोरलीत तुम्ही?"

"कागदावर होती, पोरी."

"मी कागदाचा काठ शोधत होते, बाबा," ती म्हणाली. "दिसत नव्हता. पेन्सिल टेकवून चाचपत गेले. उन्हाळ्यापासून काहीच दिसत नाही मला. पुसली असेल तुम्ही, असं वाटलं."

सावकाश चालते ते गुडघ्यांमुळे, असंच गाव समजत होतं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. इतुलूला स्वतःच्या सभ्यतेची शरम वाटली. चारदा तिच्यासमोर बसून चहा ढोसला, आणि लेकीचे डोळे गेलेत हे बापाला कळू नये!

पाहुण्या बाई पेन उघडून वाट बघत होत्या. लिटियाने एकदा कौनाककडे पाहिलं आणि इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, दोरी आहे."

बाईंनी लिहून घेतलं. पुढे पुस्तकात तेच छापून आलं: बदकाला जमिनीशी बांधणारी दोरी, आणि खाली त्यावर बरंच विद्वत्तापूर्ण काहीतरी.

बाई आल्या त्याच संध्याकाळी इतुलूने नियमाप्रमाणे दगड घासायला घेतला. बदक आधी गेलं. रेघेशी आल्यावर कौनाकने दगडावर हात ठेवला, आणि तिने हात उचलेपर्यंत तो थांबला. मग ती रेघही घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सीलच्या कातड्याची लांब दोरी घेऊन बाहेर पडला. एक टोक कौनाकच्या दाराला बांधलं, दुसरं कारखान्याच्या दाराला, मध्ये चार खांब ठोकले. दुपारी म्हातारी दोरीला धरून एकटी चालत आली आणि तिने चहा मागितला.

दोरी कशाला, असं गावात कुणीही विचारलं नाही. पण कपात चहा ओतता ओतता इतुलूने मात्र, आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्या माणसाला विचारलं. "पोरी, काठ लागतोय का हाताला?"

"लागतोय, बाबा," ती म्हणाली.