अर्जाचा इंग्रजी मायना

चहा घ्या, पण घोट तोंडात धरून ठेवू नका, ठसका लागेल. कारण गोष्ट अशी आहे, की मी माझ्या सख्ख्या बापाला जिवंतपणी मारलं आहे. तेही इंग्रजीत!

महाराष्ट्र नुकताच झाला होता. माझी शाळा सहावीतच सुटली होती आणि मी घरच्या शेतात राबत होतो. तेवढ्यात दिग्रसच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जागा निघाली. काम काय? फाटकात उभं राहायचं, बंडीतला, म्हणजे बैलगाडीतला, कापूस पाहायचा आणि चिठ्ठी द्यायची. माझ्यासारख्या लाजाळू माणसासाठी याहून चांगलं काय? कापसाशी बोलावं लागत नाही!

पण कोणीतरी सांगितलं, अर्ज इंग्रजीत पाहिजे.

आली का पंचाईत! मला ए पासून झेडपर्यंत येत होतं, पण ओळीनं म्हटलं तरच. मधूनच विचारलं की पुन्हा ए पासून निघावं लागे. मग कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो तेव्हा देवळाबाहेर एक पुस्तक दिसलं, 'लांब इंग्रजी वाक्प्रयोग व त्यांचे अर्थ'. दोन भाग होते. पहिल्यात वाक्प्रयोग, दुसऱ्यात अर्थ. मी पहिला उचलला.

दुकानदार म्हणाला, "अन् दुसरा गा? अर्थाचा?"

"अर्थ मले कायले पायजे? साहेबाले येतेच ना!"

हसू नका! माझं गणित ऐका. आपण मामाला पत्र लिहितो, 'तीर्थस्वरूप मामांचे चरणी बालके नामदेवाचा शिरसाष्टांग दंडवत'. आता पत्र लिहिताना कोणी खरोखर आडवं पडतं का? तो मायना असतो. त्याला अर्थ नसतो, मान असतो. आणि मायना जितका लांब, तितका मान मोठा. मला वाटलं, इंग्रजीतही तसंच असणार. एवढं राज्य केलं त्यांनी, एवढी रीतभात नसेल का?

मग मी पुस्तकातले वाक्प्रयोग वितीनं मोजले. अगदी खरं सांगतो, वीत लावून! सगळ्यांत लांब निघाला, 'ओइंग टू द सॅड अँड अनटाइमली डिमाइज ऑफ माय रिव्हर्ड फादर'. तो सगळ्यांत वर घातला. त्याखाली दुसऱ्या नंबरचा, त्याखाली तिसऱ्या. शेवटी मराठीत नाव, गाव आणि 'फाटकावरची जागा मिळावी ही विनंती'. अक्षर मात्र मोत्यासारखं काढलं.

बारा दिवसांनी दुपारी आमच्या दारात जीप उभी राहिली. जिनाचे मॅनेजर उतरले. काखेत कापडाचं गाठोडं, चेहरा उतरलेला. मी पाणी घेऊन धावलो. त्यांनी तांब्याला हात लावला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नामदेव, फार वाईट झालं. तुमच्या वडिलांचं कळलं."

तांब्या माझ्या हातातून पडला. बाबा सकाळीच कापसाची बंडी घेऊन दिग्रसला गेले होते, आणि साहेब दिग्रसहूनच आले होते! याहून जास्त पुरावा काय पाहिजे? मी असा हंबरडा फोडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

"रडा," साहेब म्हणाले. "मन मोकळं करा."

माय चुलीपासून धावत आली. "काय झालं रे?"

"बाबा गेले वं माय!"

"दिग्रसलेच गेले ना?"

"दिग्रसच्याही पुढं गेले!"

झालं! मायनं सूर लावला. तो ऐकून शेजारची गंगूकाकू आली, तिच्यामागं आळी आली. साहेबांच्या भोवती तीस-चाळीस माणसं बसली. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "आज सकाळीच माह्याजवळून तंबाखू घेतली बाप्पा किसननं!"

"आज सकाळी?" साहेब दचकले. मग त्यांनी मान हलवली. म्हातारा दुःखानं भ्रमला असावा, असं त्यांना वाटलं.

मी गुडघ्यांत तोंड घालून रडतच होतो. तेवढ्यात कोणीतरी धापा टाकत आलं आणि माझ्या शेजारी बसून रडू लागलं. रडता रडता मला विचारलं, "कोण गेलं रे?"

मी वर न पाहता म्हणालो, "बाबा गेले!"

"अरे देवा! कोनाचे बाबा?"

"माह्ये!"

त्यांचं रडणं थांबलं. माझंही थांबलं.

"नाम्या, वरतं पाय."

मी पाहिलं. डोक्याला दुपट्टा, मिशीवर धूळ, साक्षात बाबा! गंगूकाकू किंचाळून तुळशीमागं लपली.

साहेबांनी विचारलं, "हे कोण?"

"मी याचा बाप. तुम्ही कोन?"

साहेबांनी सावकाश खिशातून माझा अर्ज काढला आणि पहिल्या इंग्रजी ओळीचं मराठी करून सांगितलं. "'माझ्या पूज्य पिताजींच्या दुःखद व अकाली निधनामुळे.' नामदेव, हे तुम्हीच लिहिलं ना?"

"हो जी. तो मायना हाय."

"मायना?"

त्यांनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचूनच त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मधलं सोडून त्यांनी थेट खालचं मराठी नाव-गाव पाहिलं होतं. आता वाचू लागले. "'मी पाच लहान मुलांची असहाय विधवा.'"

माय घाबरून कपाळावरचं कुंकू चाचपू लागली.

"'माझ्या शुभविवाहास आपण पाठविलेल्या सुंदर भेटीबद्दल शतशः आभार.'"

"लेका!" बाबा गरजले. "मले मारलं, घरात विधवा बसवली, पाच लेकरं देल्ली, अन् वरून लगीनबी लावून मोकळा झाला? कोनाचं लगीन हाय हे?"

मी मान खाली घातली.

साहेब अर्जाची घडी करत म्हणाले, "बाप नसलेला मुलगा म्हणून मालकांनी जागा यांनाच द्यायची ठरवली होती. आता कसं जमायचं?"

बाबा हळूच म्हणाले, "म्हंजे मी जिता हावो, म्हनून पोराची नोकरी गेली?"

"तसंच झालं."

"मंग साहेब, तुमच्या जिनापुरता मी मेलो समजा ना! मी कापूस दारव्ह्याले इकतो. तिकडं दिसतच नाई तुमाले."

आता सांगा, असा बाप मी कुठल्या हातानं मारला असेल!

साहेबांना हसूही येईना आणि रडूही येईना. बाबांचं लक्ष गाठोड्याकडं गेलं. "हे काय हाय?"

"धोतर. तुमच्या दुखवट्याचं आणलं होतं."

बाबांनी धोतर उलगडून उजेडात धरलं. "सूत बरं हाय." मग साहेबांच्या कोटाच्या बाहीवर चिकटलेला कापसाचा पुंजका चिमटीत घेतला, ओढून पाहिला आणि बाबांच्या कपाळाला आठी पडली.

"साहेब, हे तुमच्या जिनातलं ना? किडक्या बोंडाचा कापूस हाय हा. चांगल्याखाली बंडीच्या बुडात दडपून आनते लोकं. तुमाले फसवून राह्यले कोनी. मी असतो त फाटकातूनच वापस धाडला असता."

साहेबांनी त्या पुंजक्याकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सोमवारपासून बाबा नवं धोतर नेसून जिनाच्या फाटकात उभे राहू लागले आणि मी बैलांच्या मागं. साऱ्या जिल्ह्यात अर्जाला माझ्याइतकं यश कोणाला आलं नसेल. विनंती केली जिवंत माणसानं, आणि नोकरी लागली मेलेल्याला!