आधी उपकार, मग मागणी

बुधवारची प्रार्थना म्हणजे गाणी, वचन आणि परतताना एखादा किस्सा, हे ठरलेलंच! आमच्या हुलसूरच्या चर्चच्या मंडळीत माणसं थोडी आणि दुखणी फार. त्यामुळे किस्से साठत जातात. बहुतेकांवर आधी हसू येतं, मग घरी जाऊन झोप लागत नाही.

नियम आमच्या पाळकअण्णांचा. दर बुधवारी एकेकाच्या घरी बसायचं. देवाकडं काही मागण्याआधी प्रत्येकानं उठून गेल्या आठवड्यातला एक उपकार सांगायचा. "आधी उपकार, मग मागणी!" ज्याला उपकार सापडला नाही, त्यानं मागायचं नाही.

*

आमचे रिटायर मास्तर गुडघ्यांनी बेजार. एकदा भिंत धरून उठले, डोळे मिटले. मग म्हणाले, "प्रभू, ह्या आठवड्यात काहीच चांगलं झालं न्हाई. पण आठवडा सरला, त्याबद्दल उपकार!"

आमेन म्हणावं की नाही, कुणाला कळेना. शेवटी शांताक्काच म्हणाली, "आमेन! बसा आता मास्तर, पाय दुखायलेत तुमचे."

*

ही शांताक्का उपकार सांगायला कायम पहिली. गॅस संपला? "भात शिजल्यावर संपला!" चप्पल तुटली? "दारात येऊन तुटली!"

मी एकदा वैतागून विचारलं, "अक्का, तुमाला देवाचा राग येतच न्हाई का?"

"येतो की! कामून येणार न्हाई? पण बुधवारी न्हाई."

*

कापणीच्या सणाला पहिलं पीक वेदीपुढं ठेवायचं आणि उपासना झाली की त्याचा लिलाव करायचा, ही आमची पद्धत. त्या वर्षी ऐन काढणीत पाऊस लागून राहिला. आमच्या दानप्पानं टोपली आणून ठेवली. आत सोयाबीनच्या काळ्या पडलेल्या, कोंब फुटलेल्या शेंगा!

लिलावात तिची पाळी आली. बोली कोण लावणार? सगळ्यांच्या माना खाली. दानप्पानंच पुढं होऊन टोपली उचलली.

"असू द्या अण्णा. देवाला दाखवायचं व्हतं, दाखवलं!"

आम्ही हसलो. त्याच्या बायकोनंही पदर तोंडाला लावला, पण ती हसत नव्हती.

*

शांताक्काच्या नवऱ्याच्या, येसुदासभाऊंच्या, किडन्या गेल्या. डायलिसिसला बीदरच्या खेपा सुरू झाल्या. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं, त्यात आमच्याकडचा उन्हाळा! आम्ही उपास केले. पाळकअण्णांनी तर भर प्रार्थनेत सांगून टाकलं, "नाताळला भाऊ स्वतः चर्चची घंटा वाजवतील!"

नाताळच्या आधीच भाऊ गेले.

मला देवाचा राग आला, सरळ सांगतो. दफनाच्या वेळी माझ्या तोंडातून आमेन निघालं नाही.

पुढच्याच बुधवारची पाळी शांताक्काच्या घरची होती. "दुसरीकडं बसू," पाळकअण्णा म्हणाले. ती ऐकेना. सतरंज्या तिनंच अंथरल्या. गाणं कसंबसं झालं. पाळकअण्णांनी घसा खाकरला आणि तिच्याकडं न बघता थेट मागणीला सुरुवात केली.

"अण्णा," शांताक्का म्हणाली, "उपकार ऱ्हायले की."

"अक्का, आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या..."

ती उठून उभी राहिली. डोळे उघडेच होते.

"प्रभू, मालकाला तू बरं केलं न्हाईस. पाण्यासाठी लई तडफडायचे. मी तांब्या लपवून ठेवायची. माझ्यावर चिडायचे, लेकरासारखं रडायचे. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणले, आता काय मागतेत ते द्या. तांब्याभर पाणी पिले. माझ्या हातानं पिले. त्याबद्दल तुझे उपकार."

ती खाली बसली. पदर सारखा केला.

"हं. आता मागा," म्हणाली.

कुणीच काही मागितलं नाही.