झेंडूच्या हारामागची वायर

त्या दसऱ्याचं अजून जसंच्या तसं डोळ्यासमोर येतं. नावं कोणाची घेणार नाही.

मी सातवी शिकलेली. मालक पोलिसात होते. ड्युटीवर पडून गेले आणि त्यांच्या जागेवर मला घेतलं. लोक म्हणाले, पिऊन पडला. ते पीत नव्हते, पण दाखवायला माझ्याजवळ काय होतं? दोन पोरी होत्या. खाकी घातली न् सुरतेतच म्हातारी झाले.

शेवटची वर्षं सुरतेजवळ पलसाण्याकडे तपासाच्या टीममध्ये होते. साहेब धरून आम्ही चार माणसं. कॅमेऱ्याची फिल्म, मोबाईलमधलं सामान, सगळं एका पेटीत साठवायचं. चौघांच्या कॉम्प्युटरवर ती पेटी दिसायची. रोज संध्याकाळी तिच्यातलं दुसऱ्या पेटीत आपोआप उतरायचं. पहिलीत पुसलं की संध्याकाळी दुसरीतही पुसलं जायचं. दुसरी पेटी मुद्देमालाच्या कपाटात होती आणि चावी माझ्या कमरेला.

कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये आपल्या खानदेशातला कामगार उकळत्या टाकीत पडून मेला. सुपरवायझर म्हणे, दारू प्यायला होता. मिलची फिल्म आम्ही पेटीत घेतली, पंचनाम्यात तिची ओळख पटवणारा नंबर लिहिला. फिल्म लांबलचक, बघायची राहिली. तेवढ्यात मिलमधलं रेकॉर्डिंगचं मशीन पाण्यात भिजून बाद झालं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी त्याची बायको आली.

"मावशी, सुपरवायझर चाळीत सांगस, फिल्म उडी गई. खरं शे का?"

आम्हालाच माहीत नव्हतं, त्याला कसं कळलं? साहेबांनी पेटी उघडली. फिल्म नव्हती. पेटीत नोंद होती: दसऱ्याला दुपारी, साहेबांच्याच नावाने पुसली.

"अरे, तेव्हा मी बंदुकांना कुंकू लावत होतो!" साहेब म्हणाले. ताट मीच धरलं होतं. साहेबांचा पासवर्ड सगळ्यांना पाठ. पूजेला एकटा रायटर, आमच्यातला कागदपत्रं लिहिणारा, नव्हता. पोट दुखतं म्हणून टेबलावर बसून फाफडा खात होता.

साहेबांनी त्याला तासभर विचारलं. तो एकच धरून बसला, "मी पेटीला हात लावला नाही."

मी चहा ठेवता ठेवता उगाच धीर द्यायला म्हटलं, "जाऊ द्या साहेब, दुसरीत असेल."

"बेन, ती तर त्या दिवशी बंद होती," रायटर पटकन बोलला.

मी कप खाली ठेवला. "भाऊ, कपाटाची चावी माझ्याकडे. तुम्हाला कसं कळलं?"

शेवटी तो कबूल झाला; सुपरवायझरला कळवलंही त्यानेच. तिथूनही पुसावं म्हणून त्याने कॉम्प्युटरवर ती पेटी शोधली होती, पण ती दिसलीच नाही.

बंद मीच केली होती. आमच्या गल्लीत दसऱ्याला कापड विणायचे लूम थांबवतात, धुतात, हार घालतात, दिवसभर चालवत नाहीत. तसंच मी पेटीला केलं. वायर काढली, झेंडूचा हार घातला आणि परत लावायची विसरले. साहेब आधी चिडले, मग हसले. मी म्हटलं, "डायरीत माझी चूक लिहा. उद्या कोर्टात कोणी विचारलं तर खोटं निघायला नको." लिहिली. मला मेमोही मिळाला.

वायर लावली तर दुसरीतूनही पुसली जाईल, म्हणून आधी जाणकार माणूस बोलावून तिच्यातली फिल्म उतरवून घेतली. नंबर पंचनाम्यातल्याशी जुळला. माणूस पडू नये म्हणून टाकीवर असलेली जाळी सुपरवायझर काढायला लावतो, हे त्यात स्वच्छ दिसत होतं.

बाईने हट्ट धरला म्हणून तिला फक्त सुरुवातीचं दाखवलं. तिचा नवरा डोक्यावर गाठोडं घेऊन ओल्या फरशीवरून येत होता.

"देख मावशी," ती म्हणाली, "कसा सीधा चाली ऱ्हायना." खरंच, सरळ चालत होता, पाऊल कुठे डगमगत नव्हतं.

सगळी नोकरी मी समजत होते, पुरावा आरोपीसाठी ठेवायचा असतो. तो गेलेल्या माणसासाठीही ठेवायचा असतो, हे मला तिने शिकवलं. माझ्या मालकांच्या वेळी अशी पेटी नव्हती. वायर मात्र मी नंतर रोज तपासून घरी जायचे.